हुळा की हुया

सर,

कपाटाच्या दारावरचा कागद मी अजून काढलेला नाही. सिद्धार्थने परत जाताना विचारलं, "आई, हा काढू का आता?" मी म्हटलं, "राहू दे, त्याच्यामागे कपाटाचा रंग उडालाय." रंग कुठेही उडालेला नाही. आपल्या मुलालाही ते कळलं असावं, कारण त्याने कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवला आणि बॅग उचलली.

त्या कागदावर आपल्या नातवंडांच्या, यशू आणि कबीरच्या, सुट्टीचं वेळापत्रक आहे. त्यांची कॅनडातली शाळा डिसेंबरच्या शेवटी जेमतेम दोन आठवडे बंद असते. त्यातून येण्याजाण्याचे दिवस वजा करायचे, दिवसाढवळ्या झोपा काढण्याचे वजा करायचे, पुण्याच्या आजीकडचे वजा करायचे, आणि आपल्या धाड गावाच्या वाट्याला जे उरेल ते मी पावसाळ्याच्या तोंडालाच चौकटींत बसवून ठेवते. सकाळ, दुपार, संध्याकाळ. लोणार निळ्या शाईत, अजिंठा हिरव्या शाईत, आठवडी बाजार पेन्सिलने. शाळेचं टाइमटेबल करण्यात माझी सगळी नोकरी सरली, ती सवय कुठे जाणार? आणि दर वेळी तुम्ही चहाचा कप घेऊन त्या कागदापुढे उभे राहायचात, चष्मा कपाळावर चढवायचात आणि म्हणायचात, "मॅडम, हे सुट्टी हाये का बोर्डाची परीक्षा?"

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी सांगते आहे, कारण मी बोलते आहे तुमच्याशी, पण पुढेमागे वाचतील ती दोघं. त्यांना मराठी सलग वाचता येईल तेव्हा. त्यामुळे अधूनमधून मी तुम्हाला ठाऊक असलेलंच परत सांगेन. चालवून घ्या.

कबीरने एकदा सिद्धार्थला विचारलं होतं, "आजोबांचं नाव सर आहे का?" सिद्धार्थ फोनवर हसत सुटला. त्या मुलाची चूक नव्हती. एकाच शाळेत तुम्ही पीटी शिकवायचात आणि मी इंग्रजी. लग्नानंतर मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी पेच पडला, की पोरांसमोर नवऱ्याला हाक काय मारायची. "अहो" म्हटलं तर अख्खा वर्ग खिदळला असता. मी "सर" म्हटलं, तुम्ही शिट्टी तोंडातून काढून "हां, मॅडम" म्हणालात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर जिन्यावरूनच ओरडलात, "मॅडम, चहा टाकता का मी टाकू?" ते मग कायमचंच झालं. भांडणातसुद्धा. भांडणात तर जास्तच. "मॅडम, तुमचं झालं असन तर मी बोलू का?"

आपल्या भांडणांपैकी बहुतेक मिटली. काही मुलं मोठी झाल्यावर आपोआप मिटली, काही दोघांना ऐकू कमी येऊ लागल्यावर. एक तेवढं राहिलं आहे. ते ळ चं.

तुम्ही वरवट बकालचे. तिकडच्या बोलण्यात ळ जवळपास नाहीच. तुमची शाळा 'शाया', तुमची सकाळ 'सकाय', तुमचं केळं 'केयं'. मी औरंगाबादला वाढलेली, वडील कोर्टात, घरात उच्चारांवरून पानावर बोलणी खाल्लेली. तुमचं बोलणं मला कधी कमी वाटलं नाही. पण मुलांनी लिहिताना-बोलताना ळ ला ळ म्हणावं एवढं मात्र मला वाटायचं, आणि वाटतं. सिद्धार्थला मी तो शिकवला. तो बाहेर पुस्तकी बोलायचा आणि तुमच्याबरोबर वावरात गेला की तुमच्यासारखा. सून पुण्याची, तिच्यासमोर तो फक्त पुस्तकी. मानसी पहिल्यांदा धाडला आली तेव्हा तुम्ही तिला मोठ्या अगत्याने म्हणालात, "जेवून घे वं पोरी, काऊन लाजतं?" आणि तिने सिद्धार्थकडे अशा चेहऱ्याने पाहिलं, जणू तुम्ही तिला काही वेडंवाकडं बोललात. आता तीच भाजीवाल्याला "काऊन हो" म्हणते. असो.

नातवंडांना ळ येईना. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी संध्याकाळी, मी फोनवर त्यांचा मराठीचा वर्ग घेते. यशू मोठी, तिला जमलं. कबीरची जीभ मात्र वळतच नाही. मी त्याला म्हणायची, "जिभेचं टोक वर, मागे. बाळ. फळ. हुळा." तो जीव तोडून म्हणायचा, "बाल. फल. हुला." पुन्हा मी, पुन्हा तो. आणि फोनच्या चौकटीत तुमचा अर्धाच चेहरा मागून यायचा.

"अबे, हुया म्हण. हुया. सोपं हाये."

"हुया!" कबीर दोन्ही हात वर करून ओरडायचा. फुटबॉलमध्ये गोल झाल्यासारखा.

"सर, मी शिकवते आहे."

"मी कुठी काय करून राह्यलो? मी त त्याले पाणी पाजून राह्यलो. तुमचा ळ त्याच्या घशात अडकला."

"अशाने त्याला कधीच येणार नाही."

"नाई आला त नाई आला. आमच्या अख्ख्या वरवटाले येत नाई. काय बिघडलं? पोरगं वरवटचंच दिसून राह्यलं." आणि मग कबीरकडे वळून, "हाव ना बे?"

"हाव!" तिकडून.

कॅनडात जन्मलेलं ते पोर 'हाव' म्हणताना मानही तुमच्यासारखीच तिरकी करायचं. मी वर्ग आटोपता घ्यायची.

मुलांनो, हुळा म्हणजे काय हे तुम्हाला एव्हाना माहीत असेल, पण लिहून ठेवते. हरभऱ्याच्या झाडाला घाटे लागतात, घाट्यात हिरवे दाणे भरतात. ते वाळण्याआधी अख्खी झाडंच उपटायची, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर धरायची, आणि काळे पडलेले घाटे राखेतून वेचून फोडून खायचे. हात काळे होतात, ओठ काळे होतात, शर्टाचं काही खरं नसतं. हे खाणं थोड्याच दिवसांचं असतं. आठवडा इकडे, तर दाणाच नाही. आठवडा तिकडे, तर दाणा कडक. आणि तो आठवडा सहसा तुमची शाळा सुरू झाल्यावर येतो. इथेच सगळं घोडं अडलं होतं.

मागच्या खेपेला दोघं आली, तेव्हा कबीर पाच वर्षांचा होता. सर, तुम्ही अख्खा पावसाळा त्यांना फोनवर सांगत होतात, "या तुम्ही फक्त. असा हुया खाऊ घालतो का नाई." आणि त्या वर्षी पाऊस लांबला. सोयाबीन निघायला उशीर, म्हणून हरभरा पेरायलाही उशीर. मी कागदावर 'शेत' अशी चौकट आखली होती, ती आली. आपण सगळे वावरात गेलो. आणि वावरभर फुलं. जांभळी, इवलीइवली, सुंदर फुलं. घाटा औषधालासुद्धा नाही.

यशू झाडांतून खाली वाकून बघत होती. "आजोबा, दाणे कुठे आहेत?"

"येऊन राह्यले."

"कधी येतील?"

"तुम्ही गेल्यावर," तुम्ही म्हणालात, आणि सगळे हसले. आपलं वावर निम्म्या वाट्याने करणारे शेषराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. त्यांनी तर संधी साधलीच. "सर, कॅनडाहून बलावून पोरायले फुलं चारता का?"

तुम्हीही हसलात. कबीरला म्हणालात, पानाला बोट लाव आणि चाट. हरभऱ्याच्या पानावर आंबट दव असतं, आंब म्हणतो आपण. त्याने बोट चाटलं, तोंड वाकडं केलं, परत चाटलं, आणि मग पुढचा तासभर तो वाफ्यातून बोट चाटत हिंडत होता. त्याच्या दृष्टीने दिवस चांगला गेला. शेषराव म्हणाले, पलीकडच्या बागायतीवाल्याकडे घाटे धरलेत, चार झाडं आणून देतो. तुम्ही म्हणालात, "नाई. दुसऱ्याच्या वावरातला नाई." येताना कबीर तुमच्या खांद्यावर होता आणि तुम्ही रस्ताभर गप्प होतात. तुम्ही गप्प राहणं म्हणजे काय हे फक्त मला ठाऊक होतं.

मुलं गेली आणि जानेवारीत घाटे भरले. तुम्ही जाळ केला, हुळा भाजला आणि फोन लावून कबीरला दाखवला. तुम्हाला वाटलं पोराला गंमत वाटेल. तो रडायला लागला. तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि विहिरीकडे हात धुवायला गेलात. बराच वेळ धूत होतात. परत आल्यावर म्हणालात, "फोनवर जेवण दाखवते ते काय आजोबा हाये का मॅडम? ते त हॉटेलचं पोस्टर झालं."

त्यानंतर तो विषय तुम्ही काढला नाहीत. मला वाटलं विसरलात.

यंदा पेरणीच्या वेळी मी वावरात आले, तर विहिरीजवळचा, बोरीखालचा पट्टा रिकामा. बाकी सगळीकडे सोयाबीन. मी विचारलं, हे का सोडलं? तुम्ही म्हणालात, "राहू दे." मी म्हटलं, सगळ्यात चांगली माती आहे ती, पाणी हाताशी आहे. तुम्ही म्हणालात, "जमिनीलेबी सुट्टी पायजे, मॅडम. अन् तिचं टाइमटेबल नका लावू." मला राग आला होता, तो पावसाळाभर पुरला. हिरव्यागार वावरात तेवढी एक काळी पट्टी. येणारा जाणारा विचारायचा आणि मी म्हणायची, सरांना विचारा.

आणि एक दिवस तुम्ही त्या कपाटापुढे उभे होतात. मी पोळ्या लाटत होते. तुम्ही आतूनच विचारलंत, "यशूची शाया कवा बंद होते?"

"कागद तुमच्या नाकासमोर आहे."

"हां. दिसून राह्यला." मग तुम्ही बोटांवर मागे मागे काहीतरी मोजत होतात. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. मला वाटलं नेहमीसारखी माझी नक्कल चालली आहे. मी लाटणं आपटलं.

मग ते झालं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. दवाखान्याच्या कागदांत ते पुरेसं लिहून झालं आहे.

तुमच्यामागे झालेल्या पुण्यानुमोदनाला किती माणसं आली, सर! तुमचे विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, बुद्धवंदनेला एका रांगेत उभे राहिले. हाताचं अंतर ठेवून. कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या प्रसंगीही हसू आलं आणि मग ते हसू कुठे ठेवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सिद्धार्थ माझ्यासमोर बसला. तो एकटाच आला होता, धावत. म्हणाला, "आई, डिसेंबरची तिकिटं मी रद्द करतो. यंदा नको. तूच चल माझ्यासोबत."

"का?"

"मुलांनी बाबांशिवाय हे घर बघितलेलंच नाही. दारातून आत येतील आणि काय विचारतील, सांग. दोन आठवडे तुला सांभाळायचं की त्यांना?"

फोनवर मानसी होती. ती म्हणाली, "आई, नाहीतर आपण सगळे गोव्याला भेटू या का? तुम्हाला पण जरा बदल. मुलं पाण्यात खेळतील." तिचा हेतू चांगलाच होता. ती रात्ररात्र जागून सिद्धार्थला धीर देत होती, तेही मला माहीत आहे.

मी म्हटलं, "बघू."

माझ्या तोंडून 'बघू' सिद्धार्थने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. तो म्हणाला, "बघू नको आई, मी परत गेलो की लगेच सांग. तिकिटं बदलायला फार दिवस नाहीत."

तो गेला. त्याच्यापाठोपाठ यशूचा फोन आला, आईबाबांना न सांगता केलेला. ती अकरा वर्षांची आहे, पण आवाज हळू केला की मानसीसारखीच वाटते. "आजी, बाबा म्हणतात आपण कदाचित येणार नाही. खरं आहे का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, आत्ता नाही आलो ना, तर मग सगळेच म्हणतील पुढच्या वर्षी. आणि मग परत पुढच्या वर्षी." तिने आवाज आणखी हळू केला. "आजी, आजोबा तिथे नाहीत म्हणून आपण पण तिथे नाही, असं कसं?"

सर, त्यांनी यावं की नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं. ती दोघं दारातून आत येतील, तुमची शिट्टी खुंटीवर बघतील, कबीर ती वाजवेल, आणि मी कुठे बघू? गोव्यात निदान खुंटी नसती. मी कागदापुढे उभी राहिले. लोणार, अजिंठा, बाजार, शेत. प्रत्येक चौकटीत तुम्ही होतात. तुमच्या चेष्टेशिवाय ती नुसती यादी होती.

दोन-तीन दिवसांनी मी वावराकडे गेले. शेषरावांना सांगायचं होतं की पुढचं पुढे ठरवू, यंदाचा हरभरा तुम्हीच बघा. तुमच्यामागे मी तिकडे फिरकलेच नव्हते. शेषराव विहिरीपाशी पाणी देत होते. "जयभीम, मॅडम," म्हणाले. ते पूर्वी राम राम म्हणायचे. तुम्ही गेल्यापासून जयभीम म्हणतात. कारण मी विचारलं नाही.

मी बोलायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "ते राहू द्या. हे पाह्यलं का तुमी?"

सगळ्या वावरात हरभरा वीतभर होता, नुकता फांद्या फुटलेला. आणि बोरीखालच्या त्या रिकाम्या पट्ट्यात तो गुडघ्याला लागत होता. अर्ध्या पट्ट्यात फुलं गळून घाटे धरले होते. अर्ध्यात अजून जांभळी फुलं होती.

"हा कधी पेरला?"

"सरानं पेरला. सोयाबीन उभं होतं वावरात तवाच. मी म्हटलं, सर, अजून पाऊस गेला नाई, मरून जाईन हा. त्यायनं मातीचे वाफे उचलून घेतले, पाणी निघून जावं म्हणून. सोताच्या हातानं. मले हात लावू देल्ला नाई."

"आणि हा मागचा?"

"थो दुसरा टप्पा. सर म्हणत, पयला लवकर भरला त दुसरा असन. विमान मागंपुढं झालं तरी पोरायले एक ना एक घाटा सापडलाच पायजे." शेषरावांनी खोऱ्याने पाण्याची वाट दुसऱ्या वाफ्यात वळवली. "बोटं मोजून सांगे मले, शेषराव, यशूची शाया अमक्या दिवशी बंद होते, म्हणजे आपल्याले अमक्या दिवशी पेरा लागते. मी म्हटलं, सर, हरभऱ्याले काय समजते कॅनडाची शाया?"

"मग?"

"मंग म्हणे, नाई समजत त समजावू."

मी बांधावर बसले. साडीला माती लागली. बोरीवरून दोन-तीन कच्ची बोरं पडली, बाकी कसलाही आवाज नव्हता, पाण्याचा सोडून.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

शेषराव हसले. सांगावं की नाही असं त्यांना थोडं झालं. "म्हणत, मॅडमले नको सांगू बे. थे लगेच लाल पेनानं कागदावर लिहीन. अन् यंदाबी फसलं, त मले कागदासमोर मान खाली घालून चहा प्या लागन."

सर, तुम्ही एवढी वर्षं माझ्या चौकटींना हसलात आणि माझ्याच कागदावरून उलट मोजत पेरणी केलीत. माझा पावसाळाभराचा राग तुम्ही कसा सोसलात? एक शब्द बोलला असतात तर मी हसले नसते. थोडी हसले असते. पण वाफे उचलायला मीही आले असते, गुडघे दुखत असले तरी. मला त्या मातीत तुमच्याशेजारी बसायचं होतं. हे मात्र मी तुम्हाला कधी माफ करणार नाही, आणि यासाठीच मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं ते मला इंग्रजीतही सांगता येणार नाही.

मी एक घाटा तोडून उघडला. आत दाणा होता, अगदी बारीक, पाण्याचा थेंब घट्ट व्हावा तसा. पानाला लागलेलं बोट मी नकळत चाटलं. आंबट.

घरी आल्याआल्या सिद्धार्थला फोन लावला. तिथे पहाट होती. तो घाबरून उठला. हल्ली माझ्या अवेळी फोनला सगळेच घाबरतात.

"काही झालं नाही," मी म्हटलं. "तिकिटं ठेव. मुलांना घेऊन या."

"आई, मी तुला म्हटलं ना..."

"सिद्धू, ऐक. तिकीट बदलून मिळेल. हरभरा बदलून मिळणार नाही." आणि मी त्याला बोरीखालच्या पट्ट्याचं सांगितलं. वाफे, दोन टप्पे, बोटांवर मोजलेले महिने, सगळं.

मग तो म्हणाला, "बाबानं पेरला?"

"हो."

"काऊन नाई सांगतलं त्यायनं मले? मी त होतो ना तिथीसा. मले दिसलं कसं नाई?"

सर, मानसी शेजारीच होती. पुणे, कॅनडा, सगळं गळून पडलं आणि आपलं पोरगं तुमच्यासारखं बोलत रडत होतं. मी त्याला रडू दिलं. मागून मानसीचा आवाज आला, "आई, आम्ही येतो. सगळेच येतो. गोवा कुठे पळून जातंय?" आणि मग, "पांघरुणं आहेत ना पुरेशी?" ती बाई माझ्या वळणावर जाते आहे. तुम्हाला ते आवडणार नाही.

तर आता इथे तयारी चालली आहे. गोधड्या उन्हात टाकल्या आहेत. बंबाला गळती होती, तो झाळून आणला. पऱ्हाट्यांची मोळी शेषरावांनी झाकून ठेवली आहे. शिट्टी मी खुंटीवरून काढली, पुसली आणि पुन्हा खुंटीवरच ठेवली. कबीर वाजवेल तर वाजवो. मी त्याच्याकडेच बघेन.

परवा रविवारी वर्ग होता. कबीर फोनवर आला तोच उड्या मारत. "आजी, थांब. थांब. मी एक गोष्ट म्हणतो." त्याने डोळे मिटले, जीभ आत कुठेतरी वळवली, गाल फुगले. "हुळ-ळा."

स्वच्छ. ठसठशीत. माझ्या वडिलांनीही मान डोलावली असती असा ळ.

"हुळा! आजी, आला! मी रोज म्हणायचो बाथरूममध्ये. तुला सरप्राइज. आजोबांना पण म्हणून दाखवणार होतो." आणि मग त्याच्या लक्षात आलं आणि तो उड्या मारायचा थांबला.

मी या एका अक्षराची किती रविवार वाट पाहिली, ते तुम्हाला माहीत आहे. शाब्बास म्हटलं. मनापासून म्हटलं. पण तुमचा अर्धा चेहरा चौकटीत मागून आला नाही. कुणी चेष्टा केली नाही. आपलं भांडण मी जिंकले, सर, आणि बघायला तुम्ही नव्हतात.

"कबीर," मी म्हटलं, "फार छान. शाळेत असाच म्हण, लिहितानाही असाच लिही. पण आजोबांच्या वावरात त्याला हुया म्हणतात."

तो फोनच्या आणखी जवळ आला. "पण आजी, तूच म्हणायचीस की ते चूक आहे."

"चूक नाही. ते वरवटचं आहे."

"मग मी वावरात काय म्हणू?"

"हुया."

"तू पण म्हणणार?"

"म्हणेन."

"म्हण आत्ता."

मागे यशू खुदकन हसली. मी आजूबाजूला पाहिलं, घरात कुणी नव्हतं. घसा साफ केला आणि म्हटलं. कबीरने दोन्ही हात वर केले, गोल झाल्यासारखे, आणि तिकडून ओरडला, मान तुमच्यासारखी तिरकी करून, "हाव!"

फोन ठेवला आणि मी कपाटापुढे गेले. लोणार राहू दिलं, मुलांना ते पाहायलाच हवं. अजिंठा खोडला. बाजाराच्या दुसऱ्या दिवसापासून तीन चौकटी मी मोकळ्या ठेवल्या, काही न पेरता, आणि त्यांच्यावर आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं. तुम्ही शेषरावांना सांगितलं होतंत ना, तसंच झालं. लाल पेननेच लिहिलं.

फक्त शुद्धलेखन तुमचं ठेवलं आहे.